बघूकाका सुई निवडतात

बघूकाकांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई कुणी मोडली, या विषयावर घरात बरेच दिवस कडक मौन पाळण्यात आलं, कारण ती खुद्द बघूकाकांनीच मोडली होती. त्या यंत्राजवळ कुणी फिरकायचं नाही, फडका लावायचा नाही, पंख्याचा वारासुद्धा त्याच्या अंगावर थेट यायचा नाही, असा दंडक घालणाऱ्या या गृहस्थांनी एका सकाळी डोळ्याला भिंग लावलं, श्वास रोखला आणि मऊ कुंचल्याने सुईवरची धूळ झाडली. धुळीबरोबर सुईही झाडली गेली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा नवरा टेबलाखाली रांगत होता.

“काय शोधताय?”

“सुईचं टोक.”

“वाळूच्या कणाएवढं असतं ना ते? सापडलं तर काय, डिंकाने चिकटवणार?”

“बघू,” टेबलाखालून आवाज आला.

या एका शब्दावरून अख्ख्या आळीने त्यांचं बारसं पुन्हा केलं होतं. खरं नाव कागदोपत्री आहे, पण ते पोस्टमनलाही आठवत नाही. जेवायला वाढू? बघू. छत्री घेताय का? बघू. घराला आग लागली, पळता का? याची परीक्षा अजून झालेली नव्हती, पण उत्तर काय येईल याबद्दल काकूंच्या मनात शंका नव्हती.

आता सुई म्हणजे नुसती सुई नव्हे. प्लेअरचा जो हात रेकॉर्डवर फिरतो, त्याच्या टोकाला नखाएवढी डबी असते; तिला कार्ट्रिज म्हणतात. सुई त्या डबीत बसते, रेकॉर्डच्या खोबणीतून घसरत जाते आणि तिची थरथर डबी तारांवाटे पुढे पोचवते. काकांच्या डबीला बसेल अशी सुई मिळेना, कारण ती डबी करणाऱ्यांनी हा धंदा कधीच आवरला होता. म्हणजे अख्खी डबीच नवी घ्यायची. दुकानात जायचं, आणायची, दोन स्क्रू पिळायचे, चार तारा खोचायच्या. कुठल्याही माणसाने हे एका दुपारी उरकलं असतं. पण कुठल्याही माणसाचं आयुष्य वजनमापे खात्यात गेलेलं नसतं.

बघूकाका निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे. मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलायची, कारण बोटांचा घाम लागला तर वजन खोटं होतं म्हणे. काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि बरोबर आलं की पुन्हा पहिल्यापासून करायचं. एकदा बरोबर आलं तर तो योगायोग, असं त्यांच्या साहेबांनी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवलं होतं. साहेब केव्हाच वारले. शिकवण वारली नाही.

काकूंचं लग्न याच शिकवणीतून जमलं. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि कॉलेज सुटल्यावर काकू गल्ल्यावर बसत. हा तरुण निरीक्षक तराजू तपासायला आला. तराजू बरोबर निघाला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. तराजू पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा आला तेव्हा वडील घाबरले, चौथ्यांदा त्यांना प्रकाश पडला. त्यांनी सरळ विचारलं, “काय रे बाबा, विचार काय आहे तुझा?” निरीक्षक कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “बघू.”

त्यानंतर काही हालचाल नाही. शेवटी त्याचा मोठा भाऊ दुकानात आला. छापखान्याच्या शाईने बरबटलेला शर्ट, हात मागे बांधलेले. “त्याचा होकार आहे,” भाऊ म्हणाला. “तो सांगणार नाही. मी सांगतो.” मग गल्ल्याकडे वळून, “तुझं काय, पोरी?” काकूंनी एका दमात हो म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना अधूनमधून वाटे, की आपण होकार नक्की कुणाला दिला?

कारण घरातलं सगळं दादांनीच ठरवलं होतं. धाकट्याच्या नोकरीचा अर्ज दादांनी भरला, ही जागा दादांनी पाहिली, जिना चढताना धाप लागते म्हणून तो कुरकुरला तर “लाग की धाप, तरुण आहेस” म्हणून दादांनीच गप्प केलं. स्वतः दादा दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. धाकट्याचं जमवताना दमले असतील. हा रेकॉर्ड प्लेअरही दादांनीच एका संध्याकाळी खांद्यावर टाकून आणला होता. “तुला ऐकायची आवड आहे, मला नाचायची. नाचणं काही जमायचं नाही आता, तेव्हा तू ऐकव,” म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी दादा यायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे आणि धाकटा रेकॉर्ड लावायचा.

लावायचा म्हणजे काय, पूजाच असायची. रेकॉर्डी उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलेल्या, दोन्ही हातांच्या तळव्यांत कडेने धरलेल्या. एकदा वाजलेली रेकॉर्ड पुन्हा लगेच लावायची नाही, खोबणीला विश्रांती हवी. दादांच्या आवडीची रेकॉर्ड नाचाच्या बँडची होती: एक बाई गाते आणि तिच्यामागे कुणीतरी माणसाएवढ्या उंच फिडलच्या तारा बोटांनी ओढून ढुम्म ढुम्म करत असतो. ती तर फारच जपलेली. दादा दर रविवारी मागत, आणि काका म्हणत, “झिजेल रे. जपून ठेवू. पुढे ऐकायला होईल.” पुढे म्हणजे कधी, हे विचारायचं काकूंच्या जिभेवर कितीदा आलं होतं. सत्तरी उलटलेली दोन माणसं पुढची सोय करत होती.

आणि आता सुई मोडली. बघूकाकांनी नेहमीप्रमाणे दादांना विचारलं, “दादा, कुठली घेऊ?”

दादा हसले. “मला काय विचारतोस बाळ्या? मला आता ऐकू कुठे येतंय नीट? तूच बघ.”

झालं. आयुष्यात पहिल्यांदा बघूकाकांना एक वस्तू स्वतः निवडायची होती.

पुढचे काही महिने घरात जे चाललं त्याला अभ्यास म्हणायची पद्धत आहे. सुईचं टोक गोल असावं की लंबगोल? डबीत चुंबक हलावं की तारेचं वेटोळं? आपल्या प्लेअरचा हात जड, त्याला ताठ सुई हवी की लवचीक? फोनवर कुणीतरी टक्कल पडलेला गृहस्थ तासन्‌तास एकेक डबी भिंगाखाली फिरवत असे, आणि काका मान डोलवत असत. एक पसंत पडली की तिची निंदा करणारा दुसरा टकल्या सापडे. काकूंची सगळी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर गेलेली. वजन करा, तिकीट लावा, शिक्का मारा, पुढचा माणूस. त्यांना हे बघून अंगावर पुरळ उठल्यासारखं होई.

दादा मात्र रविवार चुकवत नसत. यायचे, मुक्या यंत्रासमोर वेताच्या खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि ओरडून बोलायचे. दादांचा सगळा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात रोटरी यंत्राशेजारी गेला होता. ते यंत्र सुरू झालं की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या थरथरत. दादा त्याच्याशी बोलायचे, त्याला शिव्या द्यायचे, आणि त्यानेही त्यांच्या कानांशी शेवटपर्यंत इमान राखलं.

“डॉक्टरला दाखवू या तुमचे कान,” एका रविवारी काकू म्हणाल्या.

“काय?”

“कान!”

“आहेत की!” दादांनी दोन्ही चाचपून दाखवले.

बघूकाकांना बरोबर यायला सांगितलं तर ते म्हणाले बघू. तेव्हा काकूच घेऊन गेल्या. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दादांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. दादा बराच वेळ बटण हातात धरून काचेतून काकूंकडे बघत राहिले. शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे. मग एकदा दाबलं. मग पुन्हा वाट.

बाहेर आल्यावर बाईंनी आलेख पुढे ठेवला. एक रेघ थोडं अंतर सरळ चालत होती आणि मग कड्यावरून खाली पडत होती.

“बारीक, वरचे आवाज गेलेत. जाड, खालचे अजून आहेत. पण तेही उतरतायत, आणि भराभर उतरतायत.”

“यंत्र लावलं तर?”

“लावाच. बोलणं बऱ्यापैकी कळेल. गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटेल यांना. गाण्याची आवड आहे का?”

काकूंनी मान हलवली.

“मग आत्ता ऐकवा. पुढच्या वर्षीचं माझ्याकडून वदवून घेऊ नका.”

बाई फटकळ होत्या. काकूंना आवडल्या.

परत येताना दादा भर रस्त्यात थांबले आणि त्यांनी काकूंना एक गुप्त गोष्ट सांगितली. इतक्या मोठ्याने सांगितली, की पलीकडच्या न्हाव्याची कात्री हवेत थांबली. “हे त्याला सांगू नकोस हां! उगाच घाईघाईत काहीतरी घेऊन टाकेल!”

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती. भावावर माया करणारा माणूस भावाला ओळखत असतोच असं नाही.

“नाही सांगत,” त्या म्हणाल्या, आणि घरी आल्यावर पायातली चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

बघूकाका ऐकून घेत राहिले. फोनमधला टकल्या बोलतच होता, त्यांनी तो बंद केला. त्या दिवशी जेवताना ते एकदाही बघू म्हणाले नाहीत. काकूंना वाटलं, चला, देव पावला. उद्या उठून दुकानात जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, “आता कुठलीही घेऊन चालणार नाही. दादासाठी आहे. सर्वोत्तमच हवी.”

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून नाही. पण वरच्या दर्जात शोधायला हवं.”

“अहो, त्यांचे कान चाललेत! तुम्ही वरचा दर्जा गाठेपर्यंत ते हातवारे करून बोलायला लागतील!”

“म्हणूनच तर,” काका म्हणाले. “थोडंच ऐकणार आहे तो. मग चुकीचं कसं ऐकवू?”

काकू तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दोन भांडी आपटली. 

वरच्या दर्जाचा शोध दातांच्या डॉक्टरांपाशी येऊन थांबला. हे डॉक्टर म्हणजे गावातल्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचे धर्मगुरू. दवाखान्यात लोकांच्या तोंडात गुरगुरणारं यंत्र घालायचं आणि घरी येऊन शांततेवर व्याख्यान द्यायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांनी नुकतीच एक डबी परदेशातून मागवली होती. “दादांना घेऊन या. ऐकवू. मग ठरवा,” ते म्हणाले. काकू मुद्दाम बरोबर गेल्या. दोन भावांना एकटं सोडायची वेळ राहिली नव्हती.

डॉक्टरांच्या त्या खोलीत जाड पडदे होते, कपाटाएवढे उंच दोन स्पीकर होते आणि मधोमध एकच खुर्ची होती. खुर्ची हलू नये म्हणून जमिनीवर खुणा केलेल्या. चपला बाहेर, फोन बाहेर. दादांना खुर्चीत बसवलं. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले, सुतक असल्यासारखे.

“हिच्या टोकाला खास पैलू पाडलेत,” डॉक्टर कुजबुजत म्हणाले. “खोबणीच्या तळाशी जाऊन असे बारकावे खरवडून आणते, की बाकीच्या सुया तिथे पोचतच नाहीत.”

“दातांच्या फटीतून काढावं तसं?” काकूंनी विचारलं.

“अगदी! अगदी तसंच!” डॉक्टर खूश झाले. पहिल्यांदाच कुणा बाईला त्यांचं म्हणणं कळलं होतं.

रेकॉर्ड फिरू लागली. एक व्हायोलिन अगदी वरच्या पट्टीत, धाग्यासारखं बारीक. मग एका बाईचा आवाज, त्याहून बारीक. काकूंनाही कबूल करणं भाग होतं, आवाज सुंदर होता. डॉक्टरांनी डोळे मिटले. खोलीत कुणी हलत नव्हतं.

तेवढ्यात दादा गरजले, “मग, सुरू कधी करताय?”

डॉक्टरांचे डोळे खाडकन उघडले. “चालूच आहे!”

दादांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग गरगर फिरणाऱ्या रेकॉर्डकडे पाहिलं. मग धाकट्याकडे. आणि मग, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात तोंडदेखलं बोलणं केलं नव्हतं तो म्हणाला, “हां, हां. छान आहे. फारच छान आहे रे.” आणि मानेने ताल धरू लागला. त्या गाण्यात नसलेला ताल.

काकू स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “सवय नसलेल्याला जड जातं सुरुवातीला. कान तयार व्हावा लागतो.”

बघूकाका रेकॉर्डकडे बघतच नव्हते. ते दादांच्या डुलणाऱ्या मानेकडे बघत होते. काटा खोटा आहे हे कळल्यावर निरीक्षक तराजूकडे बघतो तसे.

 घरी येताना दादा दोनदा म्हणाले, की घ्यायची तर हीच घे, पैशाकडे बघू नकोस, फार गोड वाजते.

त्यानंतर काकूंनी वाट पाहायचं सोडून दिलं. दोघा भावांना पुढे घातलं आणि बाजारातल्या गाण्याच्या सामानाच्या दुकानात नेऊन उभं केलं. “इथून डबी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. लंबगोल घ्या, चौकोनी घ्या, मला काही फरक पडत नाही.”

दुकानदाराचा खरा धंदा म्हणजे समारंभांना मोठाले स्पीकर भाड्याने देणं. कार्ट्रिजबद्दल त्याला खोक्यावर छापलं होतं तेवढंच माहीत होतं, आणि तेही तो चष्मा लावून वाचून दाखवत होता. काचेच्या कपाटातून त्याने एकामागून एक खोकी काढली. “हे बघा साहेब, ‘उत्कृष्ट स्पष्टता.’ हे बघा, ‘अतुलनीय स्पष्टता.’”

“अतुलनीय म्हणजे किती?” काकांनी विचारलं. वजनमापे खातं जागं झालं होतं.

“म्हणजे... याच्यापेक्षा जास्त.”

दादांचे पाय दुखत होते. ते दाराजवळच्या एका रिकाम्या खोक्यावर जाऊन बसले. दुकानाच्या मागच्या बाजूला कुणीतरी नाचाच्या कार्यक्रमाचं सामान तपासत होतं: दोन तबकड्यांचं यंत्र, आणि त्यातून दणादण आवाज. तरुण पोरं ज्याला गाणं म्हणतात तसलं काहीतरी. काकू कपाळाला आठ्या घालून मागे वळल्या, कुणाला तरी झापायला. आणि थांबल्या.

दादांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. अगदी ठोक्यावर ठोका. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. “काय वाजवतोय रे गडी!” ते ओरडले. “कोण आहे हा?”

बघूकाकांच्या हातातली ‘अतुलनीय स्पष्टता’ काउंटरवर पडली.

“ते मागचं बंद करा जरा,” ते म्हणाले.

आवाज बंद झाला. दादांची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं.

“लावा.”

बोटं पुन्हा सुरू.

“बंद करा.”

“साहेब, काय चाललंय?” दुकानदाराने विचारलं.

“पुन्हा लावा,” बघूकाका म्हणाले. काकू ओठ चावत उभ्या राहिल्या. आपल्या वडिलांच्या दुकानात हा माणूस पुन्हा पुन्हा येऊन तराजूत वजनं टाकायचा, तेव्हा त्याच्या तोंडावर हेच भाव असायचे.

काटा दर वेळी एकाच जागी येत होता.

“त्या मागच्या यंत्रावर कुठली डबी आहे?”

“ती? ती तुमच्या कामाची नाही साहेब!” दुकानदार हसला. “जाड टोकाची, दणकट. पोरं तिच्याखाली रेकॉर्ड मागेपुढे घासतात ना, त्यासाठी असते. दाबून ठेवावी लागते. तुमच्या जुन्या रेकॉर्डींचा भुगा करेल ती. आणि बारकाईच्या नावाने शून्य.”

“पण त्या मोठ्या स्पीकरमुळेच ऐकू येतंय ना त्यांना?” काकू मध्ये पडल्या. “घरी आपला आवाज वाढवा की.”

“आपला अँप्लिफायर म्हातारा आहे,” काका म्हणाले. “नाजूक सुई कुजबुजते, आणि याला कुजबुज ऐकू येत नाही. ही सुई मुळात ओरडतेच.” काकूंना वाटलं, घरात सगळेच एका वयाचे झालेत.

मग काका मागे वळले. त्यांनी कपाटातल्या खोक्यांकडे पाहिलं. काकूंना कळत होतं ते काय मोजतायत. घरच्या मांडणीतल्या, उकळलेल्या पाण्याने धुतलेल्या, विश्रांती दिलेल्या, पुढे ऐकण्यासाठी जपलेल्या सगळ्या रेकॉर्डी. एरवी त्या म्हणाल्या असत्या, करा आता काहीतरी लवकर. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या माणसाला घाई केली नाही.

“बांधा ती,” बघूकाका म्हणाले.

“साहेब, विचार करा.”

“केला.”

आपणही एकदा डॉक्टरीणबाईंना कान दाखवावेत असं काकूंना वाटून गेलं.

नवी डबी बसवायला काकांना एक दुपार लागली. त्यांच्या मानाने हा वेग धोकादायक होता. प्लेअरच्या हाताच्या मागच्या टोकाला वजनाचा गोळा असतो, तो फिरवून सुईचा रेकॉर्डवरचा दाब ठरवायचा. गोळ्यावर आकडे कोरलेले. या डबीला लागणारा दाब त्या आकड्यांत नव्हताच. बघूकाकांनी गोळा शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला, थांबले, घाम पुसला, आणि आकडे संपल्यावरही फिरवत राहिले. ज्या निरीक्षकाने एवढ्याशा फरकासाठी लोकांचे तराजू जप्त केले होते, तो स्वतःच्या घरात आकड्यांबाहेर गेला.

रविवारी दादा आले. काकांनी नाचाच्या बँडची ती रेकॉर्ड काढली.

“अरे, झिजेल,” दादाच म्हणाले.

काकांनी प्लेअरचा हात खाली सोडला. सुई धप्पकन बसली, जणू कुणी सोफ्यावर आदळलं. मग खिडकीची काच थरथरली, आणि ढुम्म, ढुम्म, ढुम्म, मोठ्या फिडलच्या तारा खोलीभर चालायला लागल्या. गाणारी बाई भरीत झाल्यासारखी मागे कुठेतरी होती. तिचा प्रत्येक ‘स’ फोडणीत पडत होता. डॉक्टर इथे असते तर त्यांना भोवळ आली असती.

दादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.  मग बोटं हलली. मग टाच. मग बाईची पाळी आली, आणि बाई काही त्यांना ऐकू येईना. तेव्हा तिचं गाणं दादांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली. शब्द सगळे पाठ होते. सूर देवालाच ठाऊक. ज्या खोलीत शिंकायला बंदी होती, तिथे हा माणूस कोकलत होता आणि त्याचा भाऊ समोर बसून ऐकत होता. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. दादांना वाटलं, कुणीतरी साथ देतंय. त्यांनी आवाज चढवला.

बाजू संपल्यावर काकांनी भिंग लावून सुई बघितली. टोकाला काळा, बारीक भुसा चिकटलेला होता. त्यांनी तो फुंकून उडवला.

“काय होतं ते?” काकूंनी विचारलं.

“रेकॉर्ड.”

“कुठली?”

“हीच. आत्ता ऐकली ती.”

आणि त्यांनी ती पुन्हा लावली. विश्रांती न देता.

मग रविवारची वाट पाहणं बंद झालं. दादा रोज संध्याकाळी येऊ लागले. कानात नवं यंत्र असे; जिना चढून आले की ते काढून खिशात टाकत आणि खुर्ची स्पीकरकडे ओढत. दर आठवड्याला खुर्ची वीतभर पुढे सरकत होती. ते काकूंच्या लक्षात आलं, काकांच्याही आलं असणार.  आता दादांचा गुडघा स्पीकरच्या फळीला टेकायला लागला होता.

आणखी एक गोष्ट काकूंच्या कानांनी टिपली. रेकॉर्डमधली ती बाई दिवसेंदिवस मागे मागे चालली होती. आधी तिचे ‘स’ गेले, मग वरचे सूर विरले, मग शब्दांच्या कडा. ढुम्म ढुम्म तेवढं शाबूत होतं. रेकॉर्डही वरूनच बहिरी होत होती. दादा ज्या उतारावरून चालले होते त्याच उतारावरून, त्यांच्या पावलाला पाऊल लावून. काकूंना हे नवऱ्याला सांगावंसं वाटलं, पण तो भिंग लावून भुसा फुंकत होता. त्याला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर न सांगता आले. बघूकाकांनी अखेर डबी घेतली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ती त्यांना खरी वाटत नव्हती. दारातच ते खिळले. वाजत होती मांडणीतली एक जुनी, दुर्मिळ रेकॉर्ड. तिच्यासाठी त्यांनी स्वतः कितीदा मागणी घातली होती.

“अहो, हे काय! काय लावलंय हे!” ते प्लेअरकडे धावले, डबी पाहिली आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. “ही? ही सुई? अहो, ही रेकॉर्ड तासली जातेय! नांगर चाललाय तिच्यावरून! ही पुन्हा मिळायची नाही, कळतंय का तुम्हाला? बंद करा, आधी बंद करा!”

 बाजू संपली होती. बघूकाकांनी रेकॉर्ड उलटी केली. बोटांचे ठसे उमटले, तेही पुसले नाहीत.

डॉक्टरांचे हातवारे बघून दादांनी मान वळवली. “काय म्हणतायत डॉक्टर?”

काकू वाकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “म्हणतायत, आवाज कमी पडतोय!”

“बरोबर आहे त्यांचं!” दादा म्हणाले. “वाढव की रे, बाळ्या!”

बघूकाकांनी बटण धरलं आणि फिरेल तिथपर्यंत फिरवलं.